सोसायटीची वाटणी : आधी करार, मग ठराव

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर, गंगापूर रोड, जेलरोड या भागांत फिरले की एक रचना वारंवार दिसते. एकच मोठा भूखंड, एकच प्रवेशद्वार, आत वेगवेगळ्या वर्षांत उभ्या राहिलेल्या तीन-चार इमारती, बाजूला रो-हाऊसची रांग आणि या सगळ्यांची मिळून एक नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था. बिल्डरने टप्प्याटप्प्याने बांधकाम केले, येणारा प्रत्येक जण त्याच सोसायटीचा सभासद होत गेला. पहिली दहा वर्षे बरी जातात. मग एखाद्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणते, "आमच्या विंगची सोसायटी वेगळी करा." त्यानंतर काही वर्षे तोच विषय प्रत्येक सभेत चघळला जातो.

ही मागणी रास्त आहे का? कायदा तिला कुठवर साथ देतो? सोसायटी वेगळी झाली म्हणजे जमीन, पाणी, रस्ता, पैसा हेही वेगळे होते का? या प्रश्नांचा एकत्र विचार क्वचितच होतो. सभेत होते ती बहुधा चढ्या आवाजातली खडाजंगी आणि नंतर निबंधक कार्यालयातल्या चकरा. विभाजनाचा हक्क खरा आहे आणि काही ठिकाणी तो वापरलाच पाहिजे. मात्र आज बहुतेक ठिकाणी त्याचा क्रम उलटा असतो. आधी ठराव होतो आणि सामाईक गोष्टींचे काय करायचे हा विचार नंतर सुरू होतो.

मागणी कुठून येते

सहकारी गृहनिर्माणाची कल्पना आपल्याकडे रुजली ती छोट्या, एकजिनसी समूहांत. मुंबईत गावदेवीला १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. एकमेकांना ओळखणारी, साधारण सारख्या मिळकतीची माणसे तिथे एकत्र आली होती. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० झाला, तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला, आणि गृहनिर्माण संस्थांची संख्या वाढत आज राज्यात लाखाच्या पुढे गेली. त्यातल्या बहुसंख्य सोसायट्या मात्र सभासदांनी उभारलेल्या नाहीत, बिल्डरने विकलेल्या सदनिकांतून त्या जन्मल्या. शेजारी कोण असावा हे कोणीच ठरवलेले नसते.

१९८२ मध्ये महापालिका स्थापन झाल्यावर नाशिक झपाट्याने पसरले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, नाशिकरोडच्या प्रेसमधले कर्मचारी, सिडकोतून मोठ्या घराकडे निघालेली कुटुंबे, गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणारे मुंबईकर असे सगळे एकाच लेआउटमध्ये आले. शिवाय रो-हाऊस आणि फ्लॅट एकत्र असणे ही नाशिकची खास गोष्ट. रो-हाऊसवाल्याला लिफ्ट नको, जिन्याची सफाई नको, गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्याचे तो करतो. फ्लॅटवाल्याचे म्हणणे असे की आतला रस्ता, दिवे आणि सुरक्षारक्षक यांचा सर्वाधिक उपयोग रो-हाऊसवाल्यांनाच होतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते.

तक्रारींची यादी सगळीकडे सारखीच. जुन्या विंगला लिफ्ट नाही, नव्या विंगला दोन आहेत. एका विंगमध्ये थकबाकीदार जास्त, भुर्दंड सगळ्यांना. कमिटीत एकाच विंगचे बहुमत, त्यामुळे रंगकामही आधी तिथेच. आणि अलीकडचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पुनर्विकास. पस्तीस वर्षांच्या जुन्या इमारतीला तो तातडीने हवा असतो, पंधरा वर्षांच्या इमारतीला नको असतो आणि निर्णय मात्र सर्वांच्या सभेत व्हायचा असतो. काही ठिकाणी कराचा हिशेबही मागे असतो. दरमहा आकारणी माणशी ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो. सोसायटी लहान झाली तर दुसरी अट टळेल, असा तो विचार.

यातल्या अनेक तक्रारींना विभाजनाशिवाय उत्तर आहे, हे मात्र सभेत सहसा कोणी सांगत नाही. लिफ्टच्या खर्चाचेच बघा. आदर्श उपविधींनुसार लिफ्टची देखभाल आणि ती चालवण्याचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्याच इमारतीच्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा की वापरू नका. बिनलिफ्टच्या विंगकडून तो वसूल होत असेल तर चूक हिशेबात आहे आणि ती हिशेबातच दुरुस्त झाली पाहिजे. सेवा शुल्काची गोष्ट उलटी. सुरक्षारक्षक, सफाई, कार्यालयीन खर्च हा सदनिका लहान असो वा मोठी, सर्वांना सारखाच. वरळीच्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. त्यामुळे "आमचा फ्लॅट लहान, आम्ही सारखे का भरायचे" या तक्रारीला सोसायटी वेगळी करूनही नवे उत्तर मिळत नाही.

सोसायटी की अपार्टमेंट, हे आधी पाहा

नाशिकमध्ये एक गोष्ट सर्वांत आधी तपासावी लागते. इथल्या असंख्य इमारती सहकारी संस्था नाहीतच. त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली डीड ऑफ डिक्लरेशन करून झालेल्या अपार्टमेंट आहेत. बोलताना आपण दोन्हींना सरसकट सोसायटी म्हणतो, कायदा म्हणत नाही. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक मालकाचा जमिनीत आणि सामाईक जागेत ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो. सामाईक जागा अविभक्तच राहील आणि तिच्या वाटणीसाठी कोणी दावा करू शकणार नाही, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. म्हणून अपार्टमेंटधारकांनी सहकार कायद्याचे कलम १७ घेऊन उपनिबंधकांकडे जाण्यात काही हशील नाही. त्यांची वाट डिक्लरेशनमधून जाते. आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे की डिक्लरेशन, हे कपाट उघडून बघितले तरी कित्येकांचे वर्ष वाचेल.

कलम १७ : सभासदांच्या इच्छेने

सहकारी संस्थेच्या विभाजनाचे दोन मार्ग आहेत. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आले, तरी विभाजनाचा पाया जुनाच राहिला : कलम १७ आणि कलम १८.

कलम १७ हा स्वेच्छेचा मार्ग. निबंधकांची पूर्वमान्यता घेऊन, खास त्याच कामासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने संस्था स्वतःचे दोन किंवा अधिक संस्थांत विभाजन करण्याचा ठराव करू शकते. दायित्वे नव्या संस्थांकडे जाणार असतील तर पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा ठरतो. सर्व सभासदांना, धनकोंना आणि ज्यांच्या हितसंबंधांवर परिणाम होईल अशा सर्वांना नोटीस द्यावी लागते. नव्या संस्थेचे सभासद व्हायचे की आपला भाग आणि देणे मागून घ्यायचे, हा पर्याय त्यांना एका महिन्यात वापरता येतो. मागणी करणाऱ्यांचे पैसे चुकते झाले आहेत आणि बाकीच्यांची संमती आहे, अशी खात्री झाल्याशिवाय निबंधकाने आदेश द्यायचा नाही. हे सारे पार पडून नव्या संस्थांची नोंदणी झाली की ती नोंदणीच मूळ संस्थेची मालमत्ता आणि दायित्वे नव्या संस्थांकडे नेणारे पुरेसे हस्तांतरण ठरते, ही या कलमाची मोठी सोय.

वाचताना हे चोख वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन फटी आहेत. पहिली फट बहुमताची. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यापैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे तीनशे सभासदांच्या सोसायटीत वीस जण जमले तरी सभा कायदेशीर आणि त्यातल्या चौदा जणांनी हात वर केले की विभाजनाचा ठराव मंजूर. विशेष सभेची सूचना पाच पूर्ण दिवस आधी दिली तरी चालते. तीनशे कुटुंबांच्या मालमत्तेचा नकाशा बदलणारा निर्णय चौदा मतांवर उभा राहू शकतो. याच सोसायटीला पुनर्विकासासाठी ५१ टक्क्यांची संमती लागते, हे शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यात भरते.

दुसरी फट मौनाची. महिन्याभरात ज्याने पर्याय कळवला नाही त्याची संमती गृहीत धरली जाते. नाशिकच्या सोसायट्यांत मुंबईत, पुण्यात, परदेशात राहणारे मालक बरेच असतात आणि नोटीस जाते ती भाडेकरू राहत असलेल्या बंद लेटरबॉक्सच्या पत्त्यावर. कायद्याच्या नजरेत ते संमती देणारे ठरतात. ही तरतूद नसती तर एकही विभाजन पूर्ण झाले नसते, हे मान्य. म्हणूनच नोटीस खरोखर पोचवण्याची जबाबदारी कमिटीवर अधिक येते. नोंदणीकृत पोस्ट, ईमेल आणि फोन या तिन्ही मार्गांनी प्रत्येक मालकापर्यंत पोचल्याचा पुरावा फाइलला असला पाहिजे. पुढे अपील झाले की पहिला हल्ला याच जागी होतो.

कलम १८ : निबंधकांच्या आदेशाने

दुसरा मार्ग सक्तीचा. सार्वजनिक हित, सभासदांचे हित, सहकारी चळवळीचे हित किंवा संस्थेचे योग्य व्यवस्थापन यांसाठी विभाजन आवश्यक आहे अशी खात्री झाली तर निबंधक स्वतः आदेश काढू शकतात. त्याआधी अधिसूचित संघीय संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो, आदेशाचा मसुदा संस्थेला पाठवावा लागतो, हरकती-सूचनांसाठी किमान दोन महिने द्यावे लागतात आणि त्यांचा विचार करूनच अंतिम आदेश राजपत्रात येतो. मुदतीत हरकत घेतलेल्या सभासदाला आपला भाग परत मागण्याचा हक्क राहतो. या दोन्ही कलमांखालच्या आदेशांविरुद्ध कलम १५२ नुसार दोन महिन्यांत अपील करता येते.

दोन तृतीयांश मते कधीच जमणार नाहीत हे ठाऊक असलेली विंग बहुधा याच कलमाचा आधार घेते. "बहुमत आमच्यावर अन्याय करते, म्हणून योग्य व्यवस्थापनासाठी आम्हाला वेगळे करा," असा तिचा अर्ज असतो. पण कमिटी वाईट आहे, एवढ्याने विभाजनाची गरज सिद्ध होत नाही. वाईट कमिटीसाठी तपासणी, चौकशी, फेरलेखापरीक्षण, प्रशासक, निवडणूक अशी साधने कायद्यात आहेत. भौतिक रचनाच वेगळी आहे, प्रवेश, पाणी आणि वीज वेगळी आहे, हिशेब वेगळा करता येतो आणि दोन्ही नव्या संस्था स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, असे दाखवता आले तरच या अर्जाला वजन येते. आर्थिकदृष्ट्या सक्षम राहण्याची शक्यता नसलेल्या संस्थेची नोंदणी करू नये, ही कलम ४ मधली अट इथे विसरता येत नाही. बारा सदनिकांची एक विंग वेगळी होऊन स्वतःचा सुरक्षारक्षक, लेखापरीक्षक, पंप आणि दुरुस्ती पेलणार असेल तर तिने ते आकड्यांत मांडावे.

"आम्हाला संस्था स्थापन करण्याचा मूलभूत हक्क आहे," असा युक्तिवादही होतो. ९७ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये सहकारी संस्थांचा उल्लेख आला, हे खरे. पण त्याआधीच, १९८५ मध्ये, दमनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थांचे सक्तीचे एकत्रीकरण वैध ठरवले होते आणि संस्थेचा सभासद झालेली व्यक्ती संस्थेपुरते आपले स्वतंत्र अस्तित्व संस्थेत विलीन करते, असे म्हटले होते. नवी संस्था स्थापन करण्याचा हक्क आणि आहे त्या संस्थेतून तुकडा तोडून नेण्याचा हक्क एक नव्हेत. दुसरा मिळतो तो कायद्याने घालून दिलेल्या वाटेनेच.

जमीन कोणाच्या नावावर?

इथवरचा विचार सोसायटी या कायदेशीर व्यक्तीचा झाला. जमिनीचा प्रश्न वेगळा आहे आणि सर्वांत अवघड आहे. सोसायटी वाटून देऊ शकते ते फक्त तिच्या मालकीचे. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचे वा बिल्डरचे नाव असेल, तर विभाजनाच्या ठरावात जमीन येणार कुठून?

महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम, १९६३ ने सोसायटी नोंदवून तिच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. अनेकांनी ती पाळली नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आले. जिल्हा उपनिबंधक सक्षम प्राधिकारी म्हणून तसे प्रमाणपत्र देतात. एका लेआउटमध्ये अनेक इमारती असतात तेव्हा साधारणपणे बांधकामाच्या प्रमाणात जमिनीचा अविभक्त हिस्सा दिला जातो. अशा स्थितीत आधी विभाजन केले तर एकाच जमिनीवर तीन सोसायट्या तीन अर्ज घेऊन उभ्या राहतात, बिल्डरला चौथी बाजू मिळते आणि उरलेल्या एफएसआयवर तो दावा सांगतो. म्हणून क्रम असा हवा : आधी संपूर्ण भूखंडाचे कन्व्हेयन्स एका सोसायटीच्या नावे, नंतर विभाजन. जिथे हा क्रम उलटा होतो तिथे एक भांडण मिटवायला गेलेली माणसे तीन भांडणे घेऊन परत येतात.

कन्व्हेयन्स झालेले असले तरी "आमच्या विंगखालची जमीन आमची" असे म्हणून चालत नाही. भूखंडाचे खरोखर उपविभाजन करायचे तर महापालिकेची मंजुरी आणि भूमी अभिलेखची मोजणी लागते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार प्रत्येक नव्या तुकड्याला रस्ता हवा, इमारतीभोवती सामासिक अंतरे हवीत, आणि मूळ लेआउट ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर त्यातली दहा टक्के खुली जागा तशीच राखलेली हवी. जुन्या लेआउटमध्ये दोन विंगमधले अंतर दोन भूखंडांच्या नियमात बसतेच असे नाही.

पुनर्विकासासाठी वेगळे होऊ पाहणाऱ्यांनी तर एक गोष्ट नीट तपासावी. आता किती बांधता येईल हे बरेचसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अख्खा भूखंड अठरा मीटर रस्त्यावर आहे म्हणून त्याला जो लाभ मिळतो, तो मागच्या बाजूची विंग सहा मीटरच्या अंतर्गत रस्त्यावर स्वतंत्र भूखंड झाल्यावर तिला मिळेलच असे नाही. पुनर्विकासासाठी सोसायटी वेगळी केली आणि त्याच वेगळेपणाने पुनर्विकास परवडेनासा झाला, अशी वेळ यायला नको. ठरावाच्या आधी एका वास्तुविशारदाकडून एकत्र आणि वेगळे असे दोन्ही आराखडे काढून घ्यावेत. त्याचा खर्च पुढच्या खटल्याच्या मानाने किरकोळ असतो.

पाणी, रस्ता आणि दिवे

भावाभावांत शेत वाटले जाते, बांध पडतात, पण विहीर सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून ठेवाव्या लागतात. सोसायटीच्या वाटणीतही विहीर असतेच. महापालिकेचे एकच नळ कनेक्शन, जमिनीखालची एकच टाकी, एक बोअर, एक ट्रान्सफॉर्मर, आगीचा बंब आत शिरण्याचा एकच रस्ता, एकच सांडपाणी वाहिनी. यातले काही तोडता येते. नळ कनेक्शन वेगळे मागता येते, वीज मीटर वेगळा घेता येतो. पण रस्ता, अग्निशमनाची व्यवस्था, पावसाचे पाणी जाण्याची वाट आणि खुली जागा तोडता येत नाही.

म्हणून माझ्या मते विभाजनाच्या प्रस्तावातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सामाईक सुविधांचा करार. आतला रस्ता कोणी दुरुस्त करायचा आणि खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा, टाकी कोणाच्या हद्दीत आहे आणि तिथे जाण्याचा हक्क कोणाला, पाणी कमी आले तर आधी कोणाला, गणपतीचा मांडव कुठे आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे, हे सगळे त्यात हवे. एखाद्या संस्थेने खर्चाचा वाटा दिला नाही तर पुढे काय, हेही हवे. हा करार सर्व नव्या संस्थांवर बंधनकारक असल्याचे विभाजनाच्या आदेशातच नमूद व्हायला हवे. नाहीतर नव्या कमिटीने पहिल्याच वर्षी मधोमध भिंत घातली की सगळे पुन्हा शून्यावर.

ताळेबंदाची वाटणी

पैशाची वाटणी वरवर सोपी वाटते : इतके सभासद, इतका पैसा, भागून टाका. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका सोसायटीत १२० सभासद आहेत. ए आणि बी विंग मिळून ४८ फ्लॅट, वय २० वर्षे. सी विंग ४८ फ्लॅट, वय १० वर्षे. रो-हाऊस २४, तीही १० वर्षांची. सिंकिंग फंडात १६ लाख ८० हजार रुपये साठले आहेत. माणशी भागले तर प्रत्येकाला १४,००० आणि ए-बी विंगच्या वाट्याला ६ लाख ७२ हजार. पण ए-बी विंगवाल्यांनी २० वर्षे भरणा केला, इतरांनी १० वर्षे. दरवर्षीचा भरणा सारखा धरून, कोणी किती वर्षे भरले यावरून हिशेब केला तर ए-बी विंगचा वाटा ९ लाख ६० हजार होतो, सी विंगचा ४ लाख ८० हजार आणि रो-हाऊसचा २ लाख ४० हजार. ए-बी विंगच्या दृष्टीने दोन पद्धतींत २ लाख ८८ हजारांचा फरक पडला, म्हणजे फ्लॅटमागे ६,००० रुपये. जुनी इमारत, मोठ्या दुरुस्तीची गरज तिलाच, आणि तिच्याच हातून पैसे गेले.

सिंकिंग फंडाचा किमान दर उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्के, तर दुरुस्ती निधीचा ०.७५ टक्के. म्हणून भरणा सदनिकेप्रमाणे बदलतो आणि खऱ्या वाटणीसाठी सभासदनिहाय जुनी खतावणी लागते. दुरुस्ती निधीत आणखी एक गुंता : एका विंगच्या लिफ्टवर त्यातून आधीच खर्च झाला असेल तर तो वजा करायचा की नाही? माझ्या मते करायचा. थकबाकीचीही वाटणी होते. ज्या विंगचा थकबाकीदार, त्याची वसुली त्या विंगच्या नव्या संस्थेकडे, हे न्याय्य. चालू असलेले दावे, बिल्डरविरुद्धच्या तक्रारी, महापालिकेची जुनी घरपट्टी-पाणीपट्टी, कर्मचाऱ्यांची देणी यांची यादी करून प्रत्येकापुढे नव्या संस्थेचे नाव लिहावे लागते. नवे पॅन, नवी बँक खाती, नवी भाग प्रमाणपत्रे आणि ज्यांची घरे गहाण आहेत त्यांच्या बँकांना पत्रे ही कामे कंटाळवाणी आहेत, पण एखादे राहून गेले की त्या सभासदाचा फ्लॅट विकताना अडतो.

विभाजन न करता वेगळेपण

पूर्ण एकत्र आणि पूर्ण वेगळे यांच्या मध्येही जागा आहे. एकच सोसायटी ठेवून विंगनिहाय उपसमित्या नेमता येतात. विंगनिहाय खाती ठेवून लिफ्ट, जिना, रंगकाम, गच्ची यांचा खर्च त्या-त्या विंगपुरता ठेवता येतो. त्यासाठी उपविधींत दुरुस्ती करून ती निबंधकांकडे नोंदवावी लागते. माझा अनुभव असा की विभाजनाची मागणी करणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांना खरे तर एवढेच हवे असते : आपला पैसा आपल्या इमारतीवर खर्च झालेला दिसावा आणि कमिटीत आपला माणूस असावा.

जगात इतरत्रही हीच अडचण आली आणि उत्तर दोन पातळ्यांच्या रचनेत शोधले गेले. सिंगापूरच्या २००४ च्या कायद्यात मुख्य व्यवस्थापन मंडळाखाली ठरावीक गटासाठी उपमंडळ करता येते. ज्या सामाईक भागाचा उपयोग फक्त त्याच गटाला आहे तो भाग ते उपमंडळ सांभाळते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९८९ पासून मोठ्या वसाहतींसाठी वरती एक सामुदायिक संघ आणि खाली इमारतनिहाय संस्था अशी रचना आहे. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यानंतर महाराष्ट्राच्या नियमांनीही हाच विचार केला : मोठ्या प्रकल्पात प्रत्येक इमारतीची संस्था वेगळी, सामाईक जमीन आणि सुविधा मात्र त्यांच्या शिखर संस्थेकडे. नवे प्रकल्प या वळणावर जातील. अडले आहे ते जुन्या प्रकल्पांचे, जिथे एकच संस्था आधीच नोंदली गेली. त्यांनी विभाजन करायचेच ठरवले तर त्यांनीही हाच साचा घ्यावा : इमारती वेगळ्या संस्थांकडे, जमीन आणि रस्ते शिखर संस्थेकडे.

विभाजन कधी करावे, कधी नाही

इतका सगळा विचार करून माझे मत असे आहे. जिथे इमारती भौतिकदृष्ट्या खरोखर सुट्या आहेत, प्रवेश आणि पाणी वेगळे आहे किंवा वाजवी खर्चात वेगळे करता येते, सभासदसंख्या प्रत्येकी पुरेशी आहे, कन्व्हेयन्स झालेले आहे आणि गरजा कायमच्या भिन्न आहेत, तिथे विभाजन करावे आणि त्याला विनाकारण विरोध करू नये. बहुमताच्या जोरावर एखाद्या विंगला वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हाही अन्यायच. दोनशे-तीनशे सभासदांची संस्था सुटसुटीत संस्थांत विभागली की सभा शांततेत होतात. २५० पर्यंत सभासद असतील तर समितीची निवडणूकही संस्थेला स्वतः घेता येते.

जिथे भांडण दोन माणसांचे, दोन गटांचे किंवा एका कमिटीचे आहे, तिथे विभाजन करू नये. माणसे तीच राहतात, फाटक तेच राहते, फक्त लेटरहेड दोन होतात. जिथे पाणी, रस्ता आणि टाकी तोडता येत नाही आणि त्यांचा करारही होऊ शकत नाही, तिथे तर विभाजनाचा विचारही सोडून द्यावा.

कायद्यातही दोन बदल हवेत. विभाजनाच्या ठरावासाठी हजर सभासदांचे नव्हे, तर एकूण सभासदांचे बहुमत बंधनकारक असावे, आणि शिवाय वेगळ्या होऊ पाहणाऱ्या इमारतीतल्या सभासदांचे स्वतंत्र बहुमतही पाहिले जावे. चौदा हातांवर तीनशे घरांचा निर्णय होऊ नये. दुसरे, सामाईक सुविधांचा करार प्रस्तावाला जोडल्याशिवाय निबंधकांनी पूर्वमान्यताच देऊ नये. गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण झालेच आहे, त्यात या दोन गोष्टी बसवणे अवघड नाही.

तोवर हे काम कमिट्यांनी आणि सभासदांनीच करायचे आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विभाजन असेल तर ठरावाच्या आधी पाच कागद सभेपुढे मागा : कन्व्हेयन्सची प्रत, मंजूर लेआउट, वास्तुविशारदाचे दोन्ही आराखडे, सभासदनिहाय निधीचा हिशेब आणि सामाईक सुविधांच्या कराराचा मसुदा. हे पाचही टेबलावर असतील तर निर्धास्तपणे मत द्या, बाजूने किंवा विरोधात. यातला एकही कमी असेल तर सभा तहकूब करायला सांगा आणि तुमची ही मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या.